चौपाटी आहे, समुद्र नाही!

'अगं, पण समुद्र कुठंय?'

गिरगावात वाढलेल्या माझ्या मैत्रिणीनं हा प्रश्न विचारला तो सोलापूरच्या पार्क चौपाटीवर. समोर पावभाजीचा तवा खणखणतोय, शेजारी भेळवाला कांदा चिरतोय, मागं स्टेडियम... वाळू नाही, लाटा तर नाहीतच. मी म्हटलं, 'समुद्र तुम्हा मुंबईकरांना दिला, चौपाटी आम्ही ठेवून घेतली!' बाकावरची कॉलेजची पोरं फिस्सकन हसली. एक दुसऱ्याला म्हणाला, 'काय करूलालास बे, सरक की जरा. पाहुण्यांना बसू दे.' मैत्रिणीला त्यातलं निम्मंच कळलं. तर मंडळी, सोलापुरात वेलकम!

आमचं गाव म्हणजे 'जाता जाता' लागणारं गाव. अक्कलकोट इथून साधारण चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस. लोक दर्शन घेतात, स्टेशनबाहेर चादर घेतात आणि गाडी पकडतात. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा 'सोलापूर म्हणजे चादर ना?' हे इतक्यांदा ऐकलं, की उत्तर देणंच सोडून दिलं. त्यामुळं वंदे भारतनं रात्री उतरलेल्या मैत्रिणीला मी पहिली अट घातली. सकाळी सहाला उठायचं!

कारण सोलापूर बघायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो, तेव्हा मधल्या वेळात फक्त कूलर बघावा. सकाळी मात्र सिद्धेश्वर तलावावर काय मस्त वारा असतो! चहूबाजूंनी पाणी, मधे मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं हे गाव. संक्रांतीला गड्डा यात्रा भरते. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले लोक सात उंचच उंच नंदीध्वज तोलत गावभर नेतात आणि कुंभारकन्येशी सिद्धरामेश्वरांचं लग्न लागतं. जानेवारीत येणार असाल तर तेव्हाच या.

नाश्त्याला सुशीला. नाही, कुणा मुलीचं नाव नाही! भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार. तो आवडला नाही तर इडलीची गाडी शोधा, पूर्व भागात हमखास सापडेल. हा पूर्व भाग म्हणजे सोलापुरातलं तेलुगू गाव. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं. इथला रिक्षावाला तुमच्याशी मराठी, बायकोशी फोनवर तेलुगू आणि भाजीवालीशी कानडी बोलतो, तेही एका सिग्नलवर. नारळी पौर्णिमेला तुमच्याकडं कोळी समुद्राला नारळ वाहतात, त्याच दिवशी इथं मार्कंडेयांचा रथ निघतो. समुद्र नसला म्हणून काय झालं!

मैत्रिणीनं आल्या आल्या रात्रीच स्टेशनजवळ एक 'सोलापुरी चादर' घेतली होती. तीनशे रुपयांत, खूश होती. पूर्व भागातल्या एका ओळखीच्या कारखानदार काकांकडं माग दाखवायला नेलं तेव्हा तिनं ती पिशवीतून काढली. काकांनी नुसती उलटली. मागची बाजू फिकट पांढरी. 'छापलेली आहे, विणलेली नाय,' एवढंच बोलले. खरी सोलापुरी चादर जेकार्डवर विणतात. नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. तिला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून देशभर खपतो. काकांच्या कारखान्यात सहा माग. पाचांवर टॉवेल, एकावर चादर, तीही ऑर्डर असेल तर. 'चादर परवडत नाय, पण माग मोडवत नाय,' ते म्हणाले.

त्या खडखडाटात मला माझे आजोबा आठवले. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली निघाली. आजोबा लागले ते बऱ्याच नंतरच्या एका गिरणीत. एके दिवशी ती बंद पडली आणि त्यांची राहिलेली देणी मिळायला वर्षं लागली. मग ते असेच एका यंत्रमागावर जायचे. त्यांना कमी ऐकू यायचं. आमच्या घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण! लहानपणी मला वाटायचं, म्हातारपणानं होत असेल. त्या दिवशी कारखान्यात दहा मिनिटं उभं राहिल्यावर कान बधिर झाले, तेव्हा कळलं. मैत्रीण काहीतरी विचारत होती, मला ऐकूच येत नव्हतं.

दुपारी घरी जेवण. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची पापडासारखी पातळ, वाळवलेली भाकरी, दिवसेंदिवस टिकणारी. ती मोडायची, वर शेंगा चटणी आणि दही. चटणी मिक्सरमधली नको! शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं उखळात कुटलं की तेल सुटून गोळा होतो, तीच खरी. वर ताक, नाहीतर डाळिंबाचा रस. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आमच्याकडं आहे, तेव्हा इथं तरी बाटलीतलं कोल्ड्रिंक पिऊ नका. सामिष मंडळींनी रात्री सावजी मटण खावं, पण रुमाल जवळ ठेवून.

संध्याकाळी महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरून पाहिली, भैय्या चौकात चीनमध्ये सेवा करताना 1942 साली वारलेल्या डॉ. कोटणीसांचं घर पाहिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी मैत्रीण थबकली. 'म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेस यांच्यावरून?' हो! मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये सोलापूरनं इंग्रजी अंमल झुगारला, मग मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. कॉलेजात असताना ती या गाडीनं कितीदा तरी गेली होती. नंतर चौपाटीपर्यंत ती फारशी बोलली नाही.

जून 2025 मध्ये सोलापूर-गोवा विमान सुरू झालं तेव्हा आई म्हणाली होती, 'चला, समुद्र आला की जवळ!' ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैत्रिणीला स्टेशनवर सोडलं. काकांकडची चादर तिच्या बॅगेत, छापील चादर माझ्या स्कूटीच्या डिकीत (पुसायला छान आहे!) आणि आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या हातात, मोडू नयेत म्हणून. दहाच्या सुमारास तिचा मेसेज आला. 'पुणं यायच्या आत संपल्या. चटणी उरलीय, कशाबरोबर खाऊ?'