चेटकीण ठरलेल्या घरची मजुरी

संस्कृत नाटकांत ‘चेटी’ म्हणजे दासी. ‘मृच्छकटिका’तली मदनिका ही वसंतसेनेची चेटी. मराठीत ‘चेटूक’ म्हणजे जादूटोणा, आणि तो करणारी ती ‘चेटकीण’. राबणारी पोर आणि चेटकीण कोशात अशा लागून बसतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात कधीकधी त्या एकाच घरात सापडतात.

पवनी हे वैनगंगेकाठचं प्राचीन नगर. १९६९-७०च्या उत्खननात इथं बौद्ध स्तूप निघाले. समजा, जवळच्या खेड्यातली एक तरुण मुलगी इथं काम मागायला येते. बिडी वळणं, धुणीभांडी, काहीही चालेल म्हणते. आता ऐन पावसाळ्यात गावात धानाची रोवणी सोडून ही इकडे का आली? तर तिच्या आईला गावानं चेटकीण ठरवलंय. त्या घरच्या बाईला रोवणीच्या टोळीत कुणी घेत नाही.

हे ठरतं कसं? कुणाचं लेकरू तापानं जातं, कुणाची गाय आटते. घरचे मांत्रिकाकडे धावतात. (तिथं धर्म आडवा येत नाही, ताईत बांधणारे आमच्यातही आहेत.) मांत्रिक हुशार असतो, नाव घेत नाही. ‘उगवतीकडचं घर, एकटी बाई’ एवढंच सांगतो. नाव गाव पुरं करतं. ती बाई बहुधा विधवा असते, नाहीतर भांडणात माघार न घेणारी असते. कधी तिच्या नावावर दोन बांध्या असतात आणि त्या दिराला हव्या असतात. तापाचं औषध दवाखान्यात होतं, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. अमकी करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये.

लोक मात्र मारहाण झाल्यावर ठाण्यात जातात. कायद्याला मारहाणीची गरज नाही. त्या बाईनं किंवा तिच्या घरच्यांनी कुजबुज कानावर येताच तक्रार द्यावी, आणि आषाढात ऐकली तर आषाढातच. रोवणी महिनाभराची असते. नंतर बांध्या हिरव्या होतात आणि मुलगी पवनीची एसटी धरते.