‘नाव लागणे’ : वारसनोंदीची भाषा आणि वारसाचा हक्क

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे आणि त्या यात्रेतील गुरांच्या बाजारामुळे सर्वश्रुत आहे. ह्या गावाच्या आसपास, तसेच शेजारच्या शहापूर तालुक्यात, घरातील कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे दिवसकार्य आटोपल्यावर पहिला व्यवहारी प्रश्न पुढे येतो तो ‘नावे लागली का?’ हा होय. जमिनीची मालकी कोणाकडे गेली, हिस्से किती झाले, असे सहसा कोणी विचारीत नाही. नाव लागले की सर्व झाले, आणि ते न लागले की सर्व गेले, अशी समजूत ह्या एका वाक्प्रयोगात साठलेली आहे. वारसाहक्काच्या पुष्कळशा तंट्यांचे मूळ ह्या समजुतीत सापडते. म्हणून शब्दप्रयोग आणि कायदा ह्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

‘लागणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. झाडाला फळ लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. त्याचप्रमाणे सातबाऱ्याला नाव लागते. ह्या क्रियापदाचा परिवारही असाच आहे. नाव चढते, कमी होते, क्वचित उडते. अशा वाक्यांत कर्त्याला जागाच नसते. नाव कोणी लावले, कोणाच्या सांगण्यावरून लावले, हे वाक्य विचारू देत नाही. ह्या परिवारातील सर्वांत उपयुक्त, आणि म्हणून सर्वांत धोक्याचा, प्रयोग म्हणजे ‘बहिणींची नावे राहून गेली’ हा होय. नावे वगळली असे म्हटले असते, तर कोणी वगळली हा प्रश्न पाठोपाठ आला असता. ‘राहून गेली’ म्हटल्यावर जणू पावसाने गवत राहून गेले, तशी ती नावे राहिली!

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्या कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला त्याची खबर द्यावयाची असते. (तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले आहे, बोलण्यात मात्र तलाठीच टिकून आहे.) ह्या खबरेला गावच्या भाषेत ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली म्हणजे वारसांची चौकशी होऊन गाव नमुना ६-क ह्या वारस प्रकरणांच्या नोंदवहीत टिपण होते. त्यावरून नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतली जाते. नोंदीची प्रत चावडीवर लागते व हितसंबंधितांना नोटिसा जातात. हरकत आली तर ती नमुना ६-अ मध्ये तक्रार म्हणून दाखल होते व तिचा निर्णय द्यावा लागतो. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढते.

येथे कलम १५० ची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नोटीस कोणाला द्यावयाची? अधिकार अभिलेखावरून किंवा फेरफार नोंदवहीवरून जे हितसंबंधित दिसतात त्यांना, आणि शिवाय ज्यांचा हितसंबंध आहे असे मानण्यास तलाठ्याला कारण असेल त्यांना. पित्याच्या हयातीत मुलीचे नाव दप्तरात असण्याचा संभव थोडा. तेव्हा तिला नोटीस मिळावयाची ती वाक्याच्या उत्तरार्धाच्या बळावर. परंतु तलाठ्याला ते कारण पुरविणार कोण? बहुधा वर्दी देणाराच, म्हणजे थोरला भाऊ. वर्दीत मुलींचा उल्लेख नसला, अथवा मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत एवढाच असला, तर नोटीस माहेरच्याच पत्त्यावर फिरते. नंतर फेरफारात ‘मुदतीत हरकत आली नाही’ असे लिहिले जाते. हे वाक्य खोटे नसते. ज्यांना खबरच नव्हती त्यांच्याकडून हरकत येणार कशी, एवढेच ते सांगत नाही.

ह्या सर्व खटाटोपातून जे निष्पन्न होते ती नोंद, हक्क नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारसा उघडतो तो मृत्यूच्या क्षणी. त्या क्षणी वारसांचे हिस्से ठरून जातात. तलाठ्याचा दप्तराशी संबंध येतो तो पुढे, कधी महिन्यांनी तर कधी दोन पिढ्यांनी. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही व संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि त्यानंतरही अनेकवार सांगितले आहे. तथापि नोंद अगदीच निरर्थक आहे असेही नाही. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते. म्हणजे ज्याचे नाव लागले तो स्वस्थ बसू शकतो आणि जिचे राहून गेले तिला पुराव्यासाठी धावाधाव करावी लागते. व्यवहारात नोंदीला जे वजन आहे ते ह्या उलटलेल्या भारामुळे.

हिस्से किती, हे पाहण्यास सांगलीच्या एका दाव्यासारखे दुसरे उदाहरण नाही. २७ जून १९६० रोजी एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. विधवेने वाटपाचा दावा लावला व आपला हिस्सा ७/२४ आहे असे म्हटले. खालच्या न्यायालयाने १/२४ च मानला. उच्च न्यायालयाने ७/२४ दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्राने, तो कायम केला. ‘गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम’ ह्या नावाने हा निर्णय प्रसिद्ध आहे. मृत्यूच्या लगत पूर्वी कुटुंबात वाटणी झाली असती तर, अशी कल्पना कायदा करावयास लावतो. त्या कल्पित वाटणीत पिता, पत्नी व दोन मुलगे ह्यांचे चार भाग, प्रत्येकी १/४. पित्याचा चतुर्थांश सहा वारसांत विभागला म्हणजे प्रत्येकी १/२४. पत्नीस व मुलांस १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. मुलीस केवळ १/२४. ‘असती तर’ ह्या संकेतार्थी वाक्याला न्यायालयाने शेवटपर्यंत नेले: एकदा वाटणी झाली असे मानले की तिचे सर्व परिणामही मानले पाहिजेत, विधवेचा चतुर्थांश गिळता येणार नाही.

हेच कुटुंब आज कल्पावे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद केले, परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध आहे व २००५ साली पिता हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले; २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लावला नाही. आता कल्पित वाटणीत सात भाग होतात, प्रत्येकी १/७, पित्याचा सप्तमांश सहा जणांत गेला म्हणजे १/४२, बेरीज १/६. चोविसातील एक भाग सहातील एक झाला, म्हणजे मुलीचा हिस्सा चौपट झाला. जमीन पित्याने स्वतः कमावलेली असती, तरी उत्तर १/६ हेच येते.

जाता जाता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उत्तर कोकणात नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला जुन्या न्यायालयांनी विशेष मान दिला होता, आणि मयूख बहिणीला वारसांत स्थान देतो. तेव्हा बहिणीने भावाच्या दारी हिस्सा मागणे शास्त्रबाह्य, हा जो आव गावोगाव आणला जातो त्याला शास्त्राचाही फारसा आधार नाही.

हिस्सा चौपट झाल्यावर ‘सही’ला महत्त्व आले. बहिणीने ‘सही दिली’ म्हणजे हक्क सोडला. येथेही भाषा मोठी मार्मिक आहे. ‘हक्कसोड’ ह्या समासातच हक्काची कबुली आहे. जे हातात नाही ते सोडता येत नाही. परंतु सही मागताना ‘तुझा काही हक्क नाही, नुसती सही दे’ असे सांगितले जाते. हक्क नसेल तर सही कशाला, हा प्रश्न तिने विचारू नये म्हणून माहेर तुटण्याची भीती आणि साडीचोळीचा मान दोन्ही उभी असतात. कायद्याच्या दृष्टीने स्थावरातील हक्क सोडावयाचा तर दस्त नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे नोंदविलेला लागतो. तलाठ्यासमोर दिलेला तोंडी जबाब अथवा कोऱ्या कागदावरील सही पुरेशी नाही. जुन्या फेरफारांत अशा जबाबांवर बहिणींची नावे कमी झालेली आढळतात, किंवा ती कब्जेदार सदरात न घेता ‘इतर हक्क’ ह्या सदरात टाकलेली आढळतात. ‘इतर’ हा शब्द येथे नात्याचाही निर्देश करू लागतो.

पित्याने मृत्युपत्र केले असेल तर? मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणन, हा शब्द मुंबईहून गावाकडे आलेला आहे, आणि त्याची भीतीही तिकडूनच आली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५७ व २१३ प्रमाणे हिंदूंच्या बाबतीत प्रोबेटची सक्ती मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांना किंवा तेथील स्थावराला होती. गावी केलेल्या मृत्युपत्राने गिरणगावातील खोली आणि म्हशाकडील शेत एकदम दिले, तर खोलीसाठी प्रोबेट लागे, शेतासाठी नाही. २०२५ साली संसदेने कलम २१३ वगळले. प्रोबेट मिळाले तरी मृत्युपत्र खरे एवढेच ठरते. मृताची त्या मिळकतीवर मालकी होती की नाही, हा वेगळा दावा राहतो. मृत्युपत्र नसेल तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ अन्वये दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला घेता येतो. बँकेतील ठेव, रोखे ह्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा जमिनीशी संबंध नाही.

बँकेच्या बाबतीत आणखी एक शब्द फसवितो. खातेदाराने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीला लोक ‘वारस’ म्हणतात: ‘खात्याला वारस कोण लावला आहे?’ पुन्हा लावणेच. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ते खऱ्या वारसांच्या वतीने, असे विम्याबाबत १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात उद्भवलेल्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी भागरोख्यांबाबतही तेच सांगितले गेले.

ह्या दोन तालुक्यांपुरती एक गोष्ट स्वतंत्रपणे ध्यानात घ्यावी लागते. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली ह्या अनुसूचित जमातींची वस्ती मोठी आहे, आणि १९५६ चा कायदा कलम २(२) प्रमाणे, केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू नाही. तेथे रूढी पाहावी लागते. मुलींना वगळण्याची रूढी सिद्ध झाली नसताना केवळ रूढी गप्प आहे म्हणून मुलींना वगळता येणार नाही; समतेच्या तत्त्वाने त्यांना हिस्सा मिळाला पाहिजे, असे १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळालेल्या वनपट्ट्याची गोष्ट आणखी निराळी: तो वारसाने जातो, विकता येत नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदविला जातो.

बिगर आदिवासी शेतकरी कुटुंबांत गुंता वाढतो तो कुळाच्या जमिनीत. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक झाली तेव्हा दप्तरात एकत्र कुटुंबातील बहुधा एकाच भावाचे नाव कूळ म्हणून होते. जमीन सर्वांनी कसली, नाव एकाचे लागले. काही ठिकाणी त्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरे असतात. ती असतील तर नोंदच सांगते की हा मनुष्य इतरांच्या वतीने उभा आहे. नसतील तर धाकट्या भावांच्या वारसांना ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा रस्त्याच्या मोबदल्याची वेळ आली म्हणजे तीन अक्षरांच्या असण्या-नसण्याला किती मोल येते, हे सांगावयास नको.

एप्रिल २०२५ पासून शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे घेण्याची मोहीम राज्यभर चालविली. तिचे नाव ‘जिवंत सातबारा’. नाव समर्पक आहे. परंतु अशा मोहिमेतही नोंद होते ती वर्दीवरून, आणि हिस्स्यांचा वाद असेल तर तो मंडळ अधिकाऱ्याकडे किंवा त्यावरील अपिलात संपत नाही. मुरबाडच्या वा शहापूरच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावावा लागतो. हुकूमनामा झाल्यावर शेतसारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष सरसनिरस वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. त्या दाव्यात पहिला कागद लागतो तो जुन्या फेरफाराचा. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. त्यावरून नक्कल मागता येते. नक्कल हाती आल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात: वर्दी कोणी दिली, वारस म्हणून कोणाकोणाची नावे सांगितली, आणि नोटिशीवर पोच म्हणून अंगठा कोणाचा आहे.