घोड्याची बाराखडी

अक्षर आणि यंत्र : भाग ७

छापील पान ओसीआरने मजकुरात कसं उतरतं, ते मागच्या भागात पाहिलं. तेव्हा एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता. पानावर आकृती असेल तर काय करायचं? बुद्धिबळाचं जुनं पुस्तक घ्या. ओसीआर शब्द नीट उचलतो, पण पटाचं चित्र आलं की उभ्या रेघा, फुल्या आणि ठिपक्यांची रास ओतून मोकळा होतो. मग त्या पुस्तकात ‘मात’ हा शब्द शोधता येतो, पण ‘पांढऱ्याकडे फक्त राजा आणि हत्ती उरला आहे अशा सगळ्या स्थिती’ शोधता येत नाहीत. पुस्तकाचा खरा ऐवज चित्रांत असतो आणि नेमका तोच यंत्राला दिसत नाही.

तेव्हा आजचं काम पटाचं चित्र साध्या अक्षरांत उतरवण्याचं. हे काम संगणकाच्या फार आधी झालेलं आहे, आणि तेही आपल्याच सीमाभागात. बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे ११२६ ते ११३८ या काळात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात वीस-वीस अध्यायांचे पाच भाग आहेत. राज्यकारभारापासून वडे-मांड्यांपर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत सगळं त्यात येतं. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंदही त्यातच सापडते, त्यामुळे मराठी वाङ्मयाचे अभ्यासक हा ग्रंथ नेहमी उघडतात. शेवटचा भाग खेळांचा आहे, आणि त्यात बुद्धिबळही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकरांनी त्याची तीन खंडांत आवृत्ती काढली. पहिला खंड १९२५ चा आणि तिसरा १९६१ चा.

बुद्धिबळाच्या भागात एक कोडं येतं. घोडा चौसष्ट घरांत असा फिरवायचा, की प्रत्येक घरात तो एकदाच पडेल. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने हे अर्ध्या पटावर, बत्तीस घरांत, श्लोकाची करामत म्हणून करून दाखवलं होतं. सोमेश्वर पूर्ण पट घेतो, आणि पट काढून दाखवत नाही. एका दिशेच्या आठ रांगांना आठ व्यंजनं द्यायची, दुसऱ्या दिशेच्या आठ रांगांना आठ स्वर. मग प्रत्येक घराला एक आणि एकच अक्षर मिळतं, आणि घोड्याचा सगळा प्रवास चौसष्ट अक्षरांत सांगता येतो. पोथीतली आकृती नकलेगणिक बिघडते, कधी नक्कल करणारा ती गाळूनही टाकतो. पाठ केलेल्या अक्षरांची मात्र एवढी हेळसांड होत नाही.

युक्ती हाताळून पाहू. समजायला सोपी म्हणून मी क, ख, ग, घ, च, छ, ज, झ ही व्यंजनं उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे देतो, आणि अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे स्वर आडव्या ओळींना खालून वर. पांढऱ्याचा डावा घोडा सुरुवातीला ‘ख’ या घरात असतो. तिथून ‘गि’, मग ‘ची’, मग ‘छू’, मग ‘जै’. म्हणजे ‘ख गि ची छू जै’ एवढं म्हटलं की घोडा चार उड्यांत समोरच्या कडेला पोचला. कागदावर चौकट आखून ताडून पाहा. प्रत्येक उडी अडीच घरांचीच निघेल.

हा झाला घराचा पत्ता. पण पुस्तकातल्या चित्रात एकच सोंगटी नसते, पूर्ण डाव मांडलेला असतो. त्यासाठी आज जगभर वापरतात ती पद्धत एका वर्तमानपत्री माणसाची आहे. स्कॉटलंडच्या डेव्हिड फोर्साइथने १८८३ मध्ये ‘ग्लासगो वीकली हेरल्ड’मध्ये ती मांडली. वरच्या ओळीपासून सुरू करा, डावीकडून उजवीकडे वाचा, सोंगटी आली की तिचं अक्षर लिहा, रिकामी घरं आली की नुसता त्यांचा आकडा लिहा, आणि ओळ संपली की तिरकी रेघ द्या. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन एडवर्ड्सने तिच्यात संगणकाला लागणारे तपशील जोडले. तेव्हापासून तिला फोर्साइथ-एडवर्ड्स नोटेशन, थोडक्यात फेन, म्हणतात.

फेनमध्ये पांढऱ्या सोंगट्या रोमन मोठ्या लिपीत आणि काळ्या छोट्या लिपीत लिहितात. आपल्या लिपीत मोठं-छोटं नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ आहे. म्हणून या लेखापुरतं असं ठरवू : राजा र, वजीर व, हत्ती ह, उंट उ, घोडा घ, प्यादं प. पांढरी सोंगटी ऱ्हस्व, काळी दीर्घ. मग खेळ सुरू होण्याआधीचा पट असा दिसतो :

हाघाऊवाराऊघाहा/पापापापापापापापा/८/८/८/८/पपपपपपपप/हघउवरउघह

आणि पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं की असा :

हाघाऊवाराऊघाहा/पापापापापापापापा/८/८/४प३/८/पपपप१पपप/हघउवरउघह

एवढ्या एका ओळीवरून पट पुन्हा मांडता येतो. ती पोस्टकार्डावर मावते, एसएमएसने जाते, आणि ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना ऐकवताही येते. दृष्टिहीन खेळाडूंसाठी चारुदत्त जाधव यांनी ‘टॉक६४’ हे बोलणारं बुद्धिबळ घडवलं, तेव्हा त्यामागेही पट शब्दांत सांगण्याचाच प्रश्न होता.

पायथन या भाषेत यासाठी ‘पायथन-चेस’ नावाची लायब्ररी आहे. निकलास फीकास या जर्मन प्रोग्रामरने ती लिहिली आणि ती फुकट मिळते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्राम. आपण नुसतं हाक मारायची. तिला फेनची ओळ दिली की ती पट मांडते, कायदेशीर चाली सांगते, चाल केली की नवी ओळ देते. छापायला सांगितलं तर आठ ओळींचा साधा मजकुरी पटही काढून दाखवते, रिकाम्या घरांच्या जागी टिंबं घालून. तिला रोमन अक्षरंच कळतात, म्हणून आपल्या ऱ्हस्व-दीर्घ ओळीचं आधी लिप्यंतर करून द्यावं लागतं. ते बारा अक्षरांच्या तक्त्याचं काम आहे.

पण चित्रापासून ओळीपर्यंत जायचं कसं? छापील आकृतीच्या बाबतीत हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. ‘ओपनसीव्ही’ ही चित्रं हाताळणारी लायब्ररी पानावरचा मोठा चौकोन शोधते. तो तिरका असेल तर सरळ करते. मग त्याचे आठ गुणिले आठ सारखे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यासाठी उत्तरं तेराच : सहा पांढऱ्या सोंगट्या, सहा काळ्या, किंवा रिकामं घर. काही शेकडा तुकड्यांवर माणसाने उत्तरं लिहून दिली की छोटं न्यूरल नेटवर्क हे शिकतं. त्रास होतो तो जुन्या छपाईत. तिथे काळं घर तिरप्या रेघांनी भरलेलं असतं, आणि रेघांवर बसलेला पांढरा उंट काळ्यासारखा दिसतो. इथे पायथन-चेस पुन्हा उपयोगी पडते. पहिल्या किंवा आठव्या ओळीत प्यादं, एका बाजूचे दोन राजे, किंवा ज्याची पाळी नाही त्याच्या राजाला शह, असं काही ओळखीत निघालं तर ती स्थिती अवैध ठरवते. तेवढीच पानं माणसाने पाहायची.

खरी अडचण चित्र वाचून झाल्यावर येते. फेनमध्ये पटानंतर आणखी पाच गोष्टी लिहाव्या लागतात, आणि त्यांतली एकही चित्रात नसते. ही ओळ घ्या :

४रा३/८/४र३/८/८/८/८/ह७

काळा राजा वरच्या कडेला, पांढरा राजा त्याच्यासमोर एक घर सोडून, पांढरा हत्ती खाली डाव्या कोपऱ्यात. पाळी पांढऱ्याची असेल तर हत्ती सरळ वर जातो आणि मात. पाळी काळ्याची असेल तर राजा एक घर बाजूला सरकतो, आणि मग हत्ती वर आला तरी राजा खालच्या ओळीत निसटतो. चित्र तेच, डाव वेगळे. पुस्तकात हे आकृतीखाली ‘पांढऱ्याची खेळी’ असं छापलेलं असतं, म्हणजे आकृतीसोबत तिच्याखालची ओळही ओसीआरला वाचावी लागते आणि दोन्हींची जोडी लावावी लागते. किल्लेबंदीचा हक्क शिल्लक आहे का, तेही चित्र सांगत नाही. राजा आणि हत्ती मूळ घरात दिसतात, पण ते मध्ये हलून परत आले असतील. चित्र या बाबतीत गप्प राहिलं तरी खपतं. फेनची ओळ गप्प राहू देत नाही. मला हा तिचा मोठा गुण वाटतो, कारण चित्र काढणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं ते ती वदवून घेते.

जुन्या मराठी सामग्रीत ही गृहीतं आणखी खोल असतात. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालतं, आणि शह लागलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता येते. अशा डावाच्या ओळीत किल्लेबंदीच्या जागी ‘राजाची उडी शिल्लक’ असा रकाना हवा. पायथन-चेसमध्ये काही पर्यायी खेळांचे नियम तयार आहेत, त्यात हा नाही. तो मूळ नियमांवर आपणच चढवावा लागतो, आणि तसा चढवता येतो. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा ‘एसेज ऑन चेस’ हा संस्कृतातून उतरवलेला स्थितिसंग्रह निघाला, तोच मुळी ‘युरोपी पद्धतीला जुळवून’. म्हणजे ही जुळवाजुळव दोनशे वर्षांपूर्वीही करावीच लागली होती.

आता प्रोग्रामरला छळणारी एक बारीक गोष्ट. वरच्या सुरुवातीच्या पटाची पहिली ओळ मोजा : हा घा ऊ वा रा ऊ घा हा. आपल्याला आठ दिसतात. पायथन म्हणते १४. युनिकोडमध्ये ‘हा’ ही दोन चिन्हं आहेत, ह आणि काना, पण ‘ऊ’ एकच. त्यामुळे ‘आठ चिन्हं झाली की ओळ संपली’ असं लिहिलेला प्रोग्राम पाचव्या घराच्या मध्येच कोलमडतो. उपाय म्हणजे चिन्हं न मोजता अक्षरं मोजायची. पायथनसाठी ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मोड्यूल मिळतं, ते मजकूर अक्षरशः अक्षरांत तोडून देतं.

सोमेश्वराच्या पद्धतीत हीच गोष्ट वरदान ठरते. ‘गि’ युनिकोडमध्ये साठवलेला असतो तो ग आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने, वेलांटी डोळ्यांना डावीकडे दिसली तरी. पहिलं चिन्ह पट्टी सांगतं, दुसरं ओळ. दुसरं चिन्हच नसेल तर स्वर अ. म्हणजे बाराव्या शतकातला घराचा पत्ता संगणकात काहीही न बदलता दोन भागांत सुटतो. चौसष्ट अक्षरं द्या. प्रत्येक जोडीतलं पट्ट्यांचं अंतर आणि ओळींचं अंतर एक-दोन किंवा दोन-एक आहे का, आणि कुठलं अक्षर दोनदा आलं का, एवढंच तपासायचं. वीस ओळींत होणारा हा प्रोग्राम आहे. भालकी, औराद, आळंदच्या शाळांतल्या मुलांना पहिला प्रोग्राम म्हणून मी हाच देईन.

त्या मुलांच्या वर्गात कन्नडही असणार, तर तिचंही सांगून टाकतो. भारतीय लिप्यांचे युनिकोडमधले तक्ते १९८८ च्या ‘इस्की’ या आपल्या मानकावरून एकाच साच्यात बसवले आहेत. देवनागरीच्या क च्या क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड क येतो. काना, वेलांट्या, उकार, आकडे, सगळ्यांना तोच ८९६. तेव्हा ‘ख गि ची छू जै’ या प्रत्येक चिन्हात ८९६ मिळवा, घोडा त्याच वाटेने कन्नडमध्ये धावतो. फेनच्या ओळीतली तिरकी रेघ तेवढी वगळायची, कारण ती दोघांचीही नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, आणि आपला ए तिथल्या दीर्घ ए वर जाऊन पडतो. आपल्याकडे एकच ए असल्याने इथे घोटाळा होत नाही. उलट दिशेने, कन्नडमधून मराठीत येताना, ते सांभाळावं लागेल.

चौकोनी पट अक्षरांत बसतो, कारण त्याच्या रांगा सरळ आहेत. वाघ-बकरीचा पट त्रिकोणी. तीन वाघ, पंधरा बकऱ्या, तेवीस जागा, आणि कुठल्या जागेला किती वाटा फुटतात ते ठिकाणाप्रमाणे वेगळं. तिथे पट्टी आणि ओळ दोन्ही निरुपयोगी. त्या पटाला ‘नेटवर्क-एक्स’ या लायब्ररीने कसं लिहायचं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर पट कागदावर काढून प्रत्येक जागेला नाव देऊन ठेवा. पुढच्या भागात त्याची गरज पहिल्याच परिच्छेदात लागेल.