सरकारी आरोग्यसेवा आणि आपण

धर्मादाय संस्थेकडे वैद्यकीय मदतीसाठी येणारे अर्ज वाचीत असता एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येते. पैशाच्या अडचणीइतकीच माहितीची अडचण मोठी असते. सरकारने जी सोय करून ठेविली आहे ती कोठे आहे व कशी मिळते हे घरातील कोणासच ठाऊक नसते, आणि ते कळेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने गोव्यातील आरोग्यसेवेची माहिती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत सन १८४२ मध्ये पणजीस वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली. मुक्तीनंतर १९६३ साली त्याचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. आज त्याचे इस्पितळ बांबोळीस आहे. परंतु बांबोळी म्हणजेच सर्व सरकारी सेवा, ही समजूत बरोबर नाही. ही रचना पायऱ्यांची आहे. गावात उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, वाळपई, काणकोण, कुडचडे यांसारख्या ठिकाणी सामुदायिक आरोग्य केंद्र, फोंडा व चिखली येथे उपजिल्हा इस्पितळ, म्हापसा व मडगाव येथे जिल्हा इस्पितळ आणि सर्वांत वर बांबोळी. साधा ताप, लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, मधुमेह व रक्तदाबाची औषधे यांसाठी जवळचे केंद्रच योग्य होय.

मात्र पायऱ्यांचे खरे महत्त्व संकटकाळी कळते. हृदयविकाराचेच उदाहरण घेऊ. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमनीत गाठ अडकली की त्या भागातील स्नायू रक्तावाचून मरू लागतो, आणि प्रत्येक मिनिटागणिक हानी वाढत जाते. काणकोणच्या माणसाने थेट बांबोळीची वाट धरावी तर मध्ये साठसत्तर किलोमीटरांचा रस्ता पडतो. ही अडचण ओळखून सन २०१८ मध्ये गोव्यात ‘स्टेमी’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात जवळच्या केंद्रातच रुग्णाचा ईसीजी काढतात व तो बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे तत्काळ पाठवितात. त्यांच्या सल्ल्याने गाठ विरघळविणारे इंजेक्शन तेथल्या तेथे देता येते, आणि मग रुग्णास पुढे नेतात. म्हणजे उपचार रस्ता संपल्यावर नव्हे, तर रस्ता सुरू होण्यापूर्वीच होतो. छातीत दुखू लागले असता ‘गॅस असेल’ म्हणून सोडा देऊन सकाळची वाट पाहणे, किंवा ओळखीच्या गाडीतून जवळचे केंद्र ओलांडून दूर धावणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ही सेवा हैदराबादेस २००५ साली सुरू झाली व गोव्यात २००८ मध्ये आली. फोनास व गाडीस पैसे पडत नाहीत. गाडीत प्राणवायू असतो व प्रशिक्षित माणूस असतो. भाड्याच्या मोटारीत यांपैकी काहीच नसते. फोन करणाराने घाबरून लगेच फोन ठेवू नये. गाव, वाडा, जवळचे देऊळ किंवा शाळा, रुग्णाचे वय व काय झाले, एवढे स्वच्छ सांगावे. रात्रीची वेळ असल्यास एकाने दिवा घेऊन हमरस्त्यावर उभे राहावे. घराचा शोध घेण्यातच पुष्कळ वेळ जातो.

अर्धांगवायूच्या झटक्यात तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे होत. ती केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी, कारण गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. सर्पदंश झाल्यास दोर आवळू नये, जखम कापू वा चोखू नये. अवयव हालू न देता रुग्णास इस्पितळात न्यावे. अपघातात सापडलेल्या माणसास मदत करण्यास पुष्कळजण पोलिसांच्या भीतीने कचरतात. ही भीती आता सोडावी. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९८९ सालीच झाला आहे, आणि मदत करणारास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणही मिळाले आहे.

आता खर्चाविषयी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. सुरुवातीस तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षास २.५ लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरविण्यात आले. यादीतील उपचारांनाच ती लागू पडते, आणि त्यासाठी कार्ड हवे. आमच्याकडील अर्जांत असे दिसते की, कार्डाची आठवण शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर होते. छत्री पाऊस येण्यापूर्वीच दुरुस्त करून ठेवावी, तसे हे कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढावे व मुदत संपण्यापूर्वी नवे करून घ्यावे.

सरकारी इस्पितळात गर्दी असते, खोळंबा होतो, कधी कोणाचा शब्दही लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ही सेवा आपल्याच करांतून उभी आहे. तिच्याकडे पाठ फिरविल्याने ती सुधारणार नाही. ज्या घरांत वृद्ध आईवडील एकटेच राहतात व मुले परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांनी ही माहिती विशेष ध्यानात ठेवावी. प्रत्येक सभासदाने १०८ हा क्रमांक, जवळच्या केंद्राचा दूरध्वनी, घरातील माणसांचे रक्तगट व चालू औषधांची नावे एका कागदावर लिहून तो दाराशेजारी लावावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ट्रस्टची मदत त्यानंतर आहेच. पण ती पोहोचेपर्यंत माणूस जगला पाहिजे.