सरहद्दीनं वसवलेलं शहर

सरहद्दीवरचं शहर म्हटलं की तिहुआनासारखं गाव डोळ्यांपुढे येतं. कुंपणाच्या एका अंगाला अमेरिका, दुसऱ्या अंगाला मेक्सिको आणि दोन्हीकडच्या ये-जा करणाऱ्यांवर पोसलेला बाजार. आपल्या उल्हासनगरपासून परदेशाची हद्द शेकडो मैल लांब. तरीही हे शहर सरहद्दीनंच वसवलं, असं मी कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय.

१९४७ साली पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचे दोन झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला इकडे निदान अर्धा पंजाब होता. सिंधी माणसाला आपलं म्हणावं असं राज्यच उरलं नाही. कराचीहून बोटी मुंबईला लागल्या. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे माणसं आली ती जुन्या राजधानीत. महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी तेव्हा हाताशी होती. तिथं सुमारे लाखभर माणसांची सोय लावली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली.

भूगोल चटकन उरकतो. उल्हास नदी, वालधुनी, कर्जतकडे जाणारी रेल्वे. जेमतेम १३ चौरस किलोमीटर जागा आणि २०११च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर वस्ती.

माझा जीव अडकलाय तो बराकींत. शिपायांसाठी बांधलेल्या त्या लांबच लांब खोल्यांत गोणपाटाचे पडदे लावून एकेका छपराखाली कितीतरी बिऱ्हाडं राहिली. पडद्याच्या जागी पुढे भिंत आली, भिंतीपुढे ओटा, ओट्यावर दुकान. पापड, लोणची, शिलाई असं घरात बसून जमेल ते विकायचं. इथल्या फर्निचरच्या आणि जीन्सच्या बाजारांकडे मी त्या ओट्यांवरून बघतो. ‘नकली मालाचं गाव’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा सकाळी इथं येऊन दाल-पकवान खावं. रिक्षावाले आजही ‘कॅम्प तीन’, ‘सतरा सेक्शन’ असंच ओरडतात. लष्कर कधीच गेलं, पण पत्ते त्याचेच चालू आहेत.

थोडं आडवळण घेतो. वालधुनीच्या काठानं वर गेलं की अंबरनाथचं शिवमंदिर लागतं. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवरच्या शिल्पांत माझी दुपार हमखास बुडते. तीच नदी खाली येता येता कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी पोटात घेते, तेव्हा संताप येतो. उल्हासचा संताप वेगळा. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान तिच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले.

मंदिराला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, ते हवंच. बराकींच्या जागी मात्र एकेक करत इमारती उठल्या. राहणाऱ्यांनी पक्की घरं बांधू नयेत, असं कोण म्हणेल? पण ओटा, भिंत आणि गोणपाटाच्या पडद्यासकट एक बराक महापालिकेनं राखावी आणि शाळेच्या सहली तिथं न्याव्यात. फाळणी पंजाबात आणि बंगालात घडली, असं शिकणाऱ्या आमच्या मुलांना ती कल्याणच्या पुढच्या स्टेशनावर उतरून बघता येईल.