एक अंश आणि थोडा वर

मागच्या भागात आपण पाहिलं ते ग्रॅफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी थर. 2004 साली मँचेस्टरमध्ये तो साध्या चिकटपट्टीनं सोलून काढला गेला, 2010 मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि मग सगळेच त्याच्यामागे लागले. या गर्दीत पाब्लो हारिल्यो-एरेरोही होते. जन्म आणि पदवी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची, डॉक्टरेट 2005 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची, तीही कार्बन नॅनोट्यूबवर. नंतर कोलंबिया विद्यापीठात फिलिप किम यांच्याकडे काही काळ काढून 2008 मध्ये ते एमआयटीत आले.

2011 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनहून रफी बिस्ट्रिट्झर आणि अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांचं एक गणित प्रसिद्ध झालं. ग्रॅफीनचे दोन थर एकमेकांवर ठेवून वरचा किंचित फिरवला, तर? दुहेरी मच्छरदाणीत नक्षी उमटते तशी इथंही उमटते. मूळ जाळीचं घर पाव नॅनोमीटरचं, तर या नक्षीचं घर सुमारे 13 नॅनोमीटरचं. गणित सांगत होतं की 1.1 अंशाच्या आसपास ग्रॅफीनमधले सुसाट इलेक्ट्रॉन एकदम रेंगाळू लागतील. ते रेंगाळले की त्यांचं एकमेकांना ढकलणं वरचढ ठरतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

पण अंशाचा दहावा भाग साधायचा कसा? दोन वेगवेगळे थर आणले तर त्यांच्या जाळ्या कोणत्या दिशेला आहेत तेच कळत नाही. त्यावरची युक्ती मला तरी त्या गणिताइतकीच आवडते. एकच थर घ्यायचा, त्याचा अर्धा भाग फाडून उचलायचा, खालचा अर्धा हवा तेवढा फिरवायचा आणि उचललेला त्यावर टेकवायचा. दोन्ही तुकडे एकाच थराचे, त्यामुळे सुरुवातीचा कोन नक्की शून्य. एवढं करूनही थर सरकतात, तापवल्यावर मूळ जागी परतू पाहतात, आणि बरेच नमुने वाया जातात.

5 मार्च 2018 रोजी ‘नेचर’नं हारिल्यो-एरेरो यांच्या गटाचे दोन शोधनिबंध एकदम प्रसिद्ध केले. दोन्हींत पहिलं नाव होतं युआन काओ या अवघ्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचं. नक्षीच्या प्रत्येक घरात दोन इलेक्ट्रॉन जादा भरले किंवा काढले की हा वाहक पदार्थ विद्युतरोधक बनत होता. तिथून इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी इकडेतिकडे केली, की सुमारे 1.7 केल्विनच्या खाली विद्युतरोध नाहीसा! अतिवाहकता! एरवी असा बदल घडवायला दुसरी मूलद्रव्यं मिसळून नवा पदार्थ भट्टीत शिजवावा लागतो. इथं अणू तेच होते, आणि बदल झाला तो नुसत्या विद्युतदाबानं.

1.7 केल्विन म्हणजे उणे 271 अंश सेल्सियसहूनही थंड, तेव्हा यातून उद्या विजेच्या तारा होतील असं वर्तमानपत्री स्वप्न पाहू नये. महत्त्व वेगळंच आहे. तांब्याच्या ऑक्साइडांमधली अतिवाहकता 1986 पासून कोडं बनून राहिली आहे आणि तिथंही रोधक अवस्थेच्या शेजारीच अतिवाहकता सापडते. दोन्हींची कारणं एकच आहेत का, यावर अजून एकमत नाही. 2020 चं वुल्फ पारितोषिक मात्र हारिल्यो-एरेरो, मॅकडोनाल्ड आणि बिस्ट्रिट्झर या तिघांना मिळून गेलं. पुढच्याच वर्षी तीन थरांच्या पिळलेल्या ग्रॅफीनमध्येही अतिवाहकता सापडली. तिथं कोन दीड अंशाच्या आसपास लागतो. तो का वाढतो, ते पुढच्या भागात.