ऑनलाइन ज्ञानकोशातील चरित्रलेखांची गुणवत्ता

ऑनलाइन ज्ञानकोशातील चरित्रलेखाची गुणवत्ता त्याच्या लांबीवरून नव्हे, तर त्यातील विधानांना असलेल्या आधारावरून ठरते. व्यक्तीविषयीची माहिती कोणत्या साधनातून आली आणि कोठे केवळ परंपरा बोलते, हे वाचकाला वेगवेगळे कळणे ही मुख्य कसोटी होय. बुलढाणा जिल्ह्याशी निगडित चार व्यक्तींच्या चरित्रसाधनांची तुलना केल्यास ही कसोटी स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

मराठी विश्वकोशातील नोंदी तज्ज्ञ लिहितात व त्याखाली लेखकाचे नाव असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही संपादन करू शकतो. त्यामुळे लेखकाच्या अधिकाराची जागा संदर्भाने घ्यावी लागते.

ताराबाई शिंदे

चौघांमध्ये हा लेख सर्वांत अवघड आहे. ताराबाईंचा जीवनकाल सामान्यतः १८५० ते १९१० असा दिला जातो. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यातील सरकारी कचेरीत कारकून व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंची ओळख 'स्त्रीपुरुष तुलना' (पुणे, १८८२) या एकाच पुस्तकावर उभी आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेवर चाललेला बालहत्येचा खटला त्याला निमित्त ठरला. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून पुस्तकाची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले आणि रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये आला.

अशा लेखात 'भारतातील पहिल्या स्त्रीवादी लेखिका' हे विशेषण सहज येते. ते कोणी दिले हे न सांगितल्यास ते संपादकाचे मत ठरते. त्याऐवजी पुस्तकातील युक्तिवाद सांगणे अधिक उपयुक्त: स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत तितकेच, किंबहुना अधिक असतात, हे ताराबाईंनी एकेक दोष घेऊन दाखवले व विधवांच्या पुनर्विवाहावरील बंदीवर प्रहार केला.

जिजाबाई

सिंदखेड राजा येथील जन्माची तारीख १२ जानेवारी १५९८ अशी दिली जाते. ही पौष पौर्णिमा, शके १५१९ या तिथीची जुलियन तारीख होय. ग्रेगरियन गणनेने २२ जानेवारी येते. पाचाड येथील १७ जून १६७४ ही मृत्युतारीखही जुलियनच आहे. दिनदर्शिकेचा उल्लेख नसल्यास दुसरा संपादक सद्भावनेने तारीख 'दुरुस्त' करतो आणि चूक तेथूनच सुरू होते.

गजानन महाराज

शेगाव येथील प्रकटदिन २३ फेब्रुवारी १८७८ व समाधी ८ सप्टेंबर १९१० या तारखा प्रसिद्ध आहेत. त्यांमधील प्रसंगांचा प्रमुख आधार दासगणू महाराजांचा २१ अध्यायांचा 'श्री गजानन विजय' हा भक्तिग्रंथ आहे. त्यातील चमत्कार वगळणे किंवा घडलेला इतिहास म्हणून मांडणे, दोन्ही अयोग्य. 'ग्रंथानुसार' हा एक शब्द पुरेसा असतो.

ना. घ. देशपांडे

मेहकरच्या या कवीचा लेख तुलनेने सोपा आहे. 'शीळ' हा संग्रह आणि 'खूणगाठी'साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार, दोन्ही सहज पडताळता येतात.

हयात व्यक्ती

अमेरिकी पत्रकार जॉन सिगेन्थालर यांच्यावरील खोटा मजकूर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर सुमारे चार महिने टिकून होता. त्यानंतर हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. वादग्रस्त व संदर्भहीन मजकुरावर केवळ 'संदर्भ हवा' असा साचा लावून भागत नाही, तो तत्काळ काढला जातो. आमदार, खासदार वा स्थानिक पदाधिकाऱ्यांच्या लेखांत ही दक्षता निंदेइतकीच स्तुतीलाही लागू पडते.